सुताचा नंबर, डोळ्याचा नंबर

सकाळी डोळे उघडण्याआधी चंद्रकला हात उघडायची. हात भिंतीच्या आधाराने खिडकीच्या कट्ट्यावर जायचा, कंगवा ओलांडायचा, गोळ्यांची पाकिटं ओलांडायचा, एकदा तर पालही ओलांडली होती, आणि चष्म्यापाशी थांबायचा. चष्मा लगेच डोळ्यांवर जात नसे. आधी त्याला तोंडाची वाफ, मग जुन्या पातळाच्या मऊ फडक्याने पुसणं. पदराने नाही, कारण तिच्या प्रत्येक पदरात मिरची होती, धुतलेल्यातसुद्धा. मग चष्मा चढवून ती समोरच्या घड्याळाकडे पाहायची आणि म्हणायची, "हं. लागलं." टीव्हीवर चॅनल लागावं तसं तिचं जग रोज सकाळी लागायचं.

नंबर उणे तेरा. दोन्ही डोळ्यांचा सारखाच. निदान त्यांच्यात भांडण तरी नाही, असं ती म्हणायची. चष्म्याशिवाय स्वतःचा हातसुद्धा नाकापासून चार बोटांवर आणला तरच तिला ओळखू यायचा.

माहेर भिवापूरचं, मिरचीच्या गावचं. तिला पाहायला पाहुणे येणार तेव्हा मध्यस्थाने बजावलं होतं, की पोरीच्या तोंडावर चष्मा नको. म्हणून तिने चहाचा पहिला कप मोठ्या अदबीने खुर्चीवर ठेवलेल्या हेल्मेटपुढे धरला. ज्याच्यासाठी चहा होता तो जागेश्वर शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याने हेल्मेट मांडीवर घेतलं, त्याच्या जागी स्वतः सरकला आणि कप घेतला.

"मले तेव्हाच समजलं," जागेश्वर अजून सांगतो, "का हिले माझ्या तोंडाशी काही घेणंदेणं नाही."

त्याच्या आईने, इंदुताईंनी, मात्र सून नावावरून पसंत केली होती. ते घर विणकरांचं. इंदुताईंच्या सासऱ्यांनी जन्मभर काळी चंद्रकळा विणली. "आता घरात एक चंद्रकला आपल्या पायानं येऊन राहिली," त्या म्हणाल्या, "तर नाही कोण म्हणन?"

लग्न होईपर्यंत माग गेले होते. जागेश्वर सीताबर्डीत साड्यांच्या दुकानात सेल्समन झाला होता आणि कुटुंब हुडकेश्वरला राहायला आलं होतं. इंदुताईंची बोटं तेवढी मागाशीच राहिली. धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या त्यांनी चाळीस वर्षं भरल्या होत्या. रस्त्याने चाललेल्या बाईचा पदर चिमटीत धरून त्या सुताचा नंबर सांगायच्या, आणि ती बाई ओळखीची असलीच पाहिजे असं काही नव्हतं.

घराच्या समोरच्या खोलीत चंद्रकलाने मिरची कांडायचं मशीन टाकलं. फेब्रुवारी सरला की हुडकेश्वरातल्या बाया वाळवलेल्या, देठं खुडलेल्या मिरच्या घेऊन यायच्या. नंबर लावायचा म्हणजे आपली पिशवी रांगेत ठेवायची आणि आपण निंबाच्या सावलीत बसून गावाची चौकशी करायची. घर जागेश्वरच्या पगारावर चालायचं, पण चंद्रकला स्वतः त्या मशीनवर चालायची. कोणती मिरची किती भाजायची, कोणत्या घरचं तिखट किती बारीक, सगळं तिच्या डोक्यात असे. मध्येच डोळे मात्र दगा द्यायचे. ऊन चढलं की घामाने चष्मा घसरायचा, काचांवर मिरचीची भुकटी बसायची, आणि दुपारनंतर तिला येणारा प्रत्येक माणूस लाल, रागावलेला दिसायचा.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तो चष्मा घसरला तो खालीच पडला. त्याच वेळी शोभाताई आपली पिशवी पुढे सरकवायला उठल्या. शोभाताई म्हणजे गल्लीतल्या भजनी मंडळाच्या प्रमुख. आवाज मोठा आणि वजनही.

"चंद्रकला, पायाखाली काही वाजलं वं."

"माझे डोळे होते जी, शोभाताई."

"मंग खाली काहून ठेवते?"

एवढ्या मोठ्या नंबरच्या काचा तयार मिळत नाहीत, बनून यायला आठवडा लागतो. ऐन सीझनमध्ये आठवडाभर मशीन बंद ठेवणं तिच्या जिवावर आलं. कॉलेजातला जुना चष्मा ट्रंकेतून काढून, त्याची तुटलेली काडी सुताने बांधून ती कामाला लागली. "मले दिसत नसलं तरी वास येते," असं तिचं म्हणणं होतं. पण त्या खोलीत दुपारपर्यंत सगळ्यालाच एक वास यायचा.

त्या दिवशी स्टीलचे दोन सारखे डबे शेजारी शेजारी होते. एकात शोभाताईंची ब्याडगी, रंगाला लाल आणि चवीला गरीब. दुसऱ्यात जागेश्वरचा चुलतभाऊ वैभव याची, त्याच्या सावजी खानावळीसाठी दळलेली, जिच्या नुसत्या झाकणाने शिंका यायच्या ती. डबे बदलले.

त्या संध्याकाळी शोभाताईंकडे व्याही जेवायला होते. पहिल्या घासाला व्याह्यांनी पाणी मागितलं, दुसऱ्याला साखर, आणि तिसरा घास झालाच नाही. तिकडे वैभवच्या खानावळीत उलटं झालं. वीस वर्षं रोज येणारं गिऱ्हाईक ताट बाजूला सारून म्हणालं, "काय गा, घरी कोणी आजारी हाय काय? रस्सा गोड लागून राहिला."

वैभवने नातेवाईक म्हणून सोडून दिलं. शोभाताईंनी सोडलं नाही. रस्त्यापलीकडे पंकज नावाच्या एका तरुणाने नुकतंच नवं मशीन टाकलं होतं. शोभाताई तिकडे गेल्या, आणि भजनी मंडळही त्यांच्यामागे गेलं. जाताना कोणी वळसासुद्धा घेईना. भुकटीने भरलेल्या चष्म्यातून चंद्रकलाला फाटकापलीकडचं काही दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांदेखत, असं म्हणताही येत नाही, पण तिच्या समोरून पिशव्या पंकजकडे जाऊ लागल्या.

सीझन संपला तेव्हा तिने जेवताना जाहीर केलं, "पुढच्या वर्षी असंच झालं तर मशीन विकावं लागन. अन घेणारा पंकजच राहीन."

तिची मुलगी नूपुर तेव्हा बीएस्सीला होती. ती म्हणाली, "आई, कॉन्टॅक्ट लेन्स लाव. घसरत नाही, पडत नाही."

सीताबर्डीतल्या चष्म्याच्या दुकानात एका मुलीने तिला लेन्स घालायला आणि काढायला शिकवलं. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, मग बोटाच्या टोकावर लेन्स. चंद्रकलाने हे अगदी मन लावून केलं. दोन आठवडे आरशासमोर घालायचा-काढायचा सराव गोड चालला, कारण मशीन बंद होतं. मग एका घरगुती कामासाठी थोडी मिरची कांडली, साबणाने तीनदा हात धुतले, आणि लेन्स काढायला बोट डोळ्यात घातलं.

मिरची साबणाला ऐकत नाही, हे भिवापूरच्या पोरीला माहीत असायला हवं होतं. तिने अंगणातल्या टाक्यात मानेपर्यंत डोकं घातलं. इंदुताई वाटीभर दही घेऊन धावल्या.

"आजी, डोळ्यात दही नाही टाकत," नूपुर मध्ये पडली.

"डोळ्यात नाही, बोटाले लावतो. तू सरक."

एक डोळा सुजून बंद, दुसरा रडून बंद. एक लेन्स टाक्यात वाहून गेली. दुसरी रात्रीच्या जेवणात जागेश्वरला दह्याच्या वाटीत सापडली. त्याने ती ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि जेवत राहिला.

आता उरलं लेझर. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मोनाली मेश्राम यांनी तिला चार यंत्रांपुढे बसवलं, थेंब टाकले, फुलून आलेल्या बाहुलीतून आतला पडदाही तपासला. बरोबर जागेश्वर होता, नूपुर होती, आणि इंदुताई होत्या, कारण दवाखान्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"ताई, लेझर म्हणजे बुबुळ थोडं घासून त्याचा आकार बदलायचा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा नंबर मोठा, म्हणजे घासावं लागेल जास्त. आणि बुबुळ तर मुळातच पातळ. नाही जमणार. जबरदस्तीने केलं तर पुढे ते फुगून बाहेर येऊ शकतं."

"पातळ?" इंदुताई शब्द ओळखीचा वाटून पुढे सरकल्या. "पातळ किती?"

"साधारण लोकांचं साडेपाचशेच्या आसपास असतं, आजी. यांचं साडेचारशे."

डॉक्टर पुढे म्हणाल्या, की लेझर नाही तरी दुसरा उपाय आहे, डोळ्याच्या आत लेन्स बसवता येते. पण इंदुताईंचं डोकं त्या आकड्यांपाशीच अडकलं होतं. ऑटोत बसल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"खोटं बोलून राहिली डॉक्टरीण."

"काहून?" जागेश्वरने विचारलं.

"तूच सांग. वीस नंबरचं सूत जाड का ऐंशी नंबरचं?"

"वीसचं."

"नंबर चढला का सूत बारीक, उतरला का जाड. मंग साडेपाचशेपेक्षा साडेचारशे जाड झालं का नाही? जाड बुबुळाले पातळ म्हणून राहिली. आतमंदी लेन्स टाकाची हाय तिले."

जागेश्वर विणकराचा मुलगा आणि साड्यांचा सेल्समन. सुताचा नंबर सांगून त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकं पटवली होती. तो विचारात पडला, आणि ऑटो मानेवाडा चौकात पोचेपर्यंत त्याचीही खात्री झाली.

"बाबा, ते मायक्रॉन असतात," नूपुर म्हणाली.

"तुझं मायक्रॉन राहू दे वं," इंदुताई म्हणाल्या. "मी काय मायक्रॉनच्या कांड्या भरल्या?"

पुढचे कित्येक दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चंद्रकलाला मिरचीतलं सगळं कळायचं, सुतातलं काही नाही. सासू आणि नवरा दोघं एका बाजूला झाल्यावर तिला वाटलं, असेलही जाड. जागेश्वरने पेपरातली जाहिरात पाहून तिला दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. तिथे दहा मिनिटांत चष्मा जातो म्हणे. तिथल्या डॉक्टरांनी यंत्राने मोजलं, आकडा तोच आला, आणि त्यांनी दोन मिनिटांत नाही म्हणून सांगितलं.

"हा बी तिले मिळाला हाय," इंदुताई म्हणाल्या. पण रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या असाव्यात, कारण सकाळी त्या आंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून तयार बसल्या होत्या. "चाला धंतोलीले. मी विचारतो तिले तोंडावर."

डॉक्टर मोनालींच्या केबिनमध्ये त्यांनी कमरेची चंची सोडली आणि सुताचे दोन तुकडे टेबलावर ठेवले.

"हे वीस नंबर, हे ऐंशी. बोटानं पाहा अन सांगा, बारीक कोणतं?"

डॉक्टरांनी खरंच बोटाने पाहिलं. "ऐंशी."

"मंग साडेचारशे अन साडेपाचशे, यातलं बारीक कोणतं?"

डॉक्टरांनी इंदुताईंकडे पाहिलं, सुताकडे पाहिलं, मग नूपुरकडे. नूपुर छताकडे पाहत होती.

"आजी, तुमच्या सुताचा नंबर काढतात कसा?"

"एवढ्याच वजनात सूत किती लांब निघते, थो नंबर. लांब निघालं का नंबर मोठा."

"बरोबर. आमच्याकडे लांबी नाही मोजत. सरळ जाडीच मोजतो. जाडी कमी, तर आकडा कमी."

इंदुताईंनी ऐंशीचं सूत उचललं आणि दोन बोटांत फिरवत राहिल्या.

"म्हणजे तुमचा नंबर उलटा हाय."

"तुमच्याकडून पाहिलं तर उलटा."

"मंग माझ्या सुनेचं बुबुळ लोकाहून बारीक पोताचं हाय."

"हो. बरंच बारीक."

इंदुताईंची पाठ हळूहळू ताठ झाली. त्यांनी वळून चंद्रकलाकडे पाहिलं, जणू एवढी वर्षं घरात पेटीच्या तळाशी पडलेलं वस्त्र आज उजेडात आलं होतं.

"आई, मंग बारीक पोताले घासाचं नाही," जागेश्वर हळूच म्हणाला.

"थेच त म्हणून राहिली मी पहिलेपासून," इंदुताई म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं. चष्मा चालू ठेवणं यात काही वाईट नाही. मोतीबिंदूसारखं आतलं भिंग काढून दुसरं बसवता येतं, पण ताईंचं भिंग अजून चांगलं आहे, आणि एवढ्या मोठ्या नंबरच्या डोळ्यात त्यात पडद्यालाही धोका जास्त. त्यापेक्षा भिंग तसंच ठेवून त्याच्या पुढे, रंगीत भागाच्या मागे, एक पातळ लेन्स सरकवायची. ती मावेल एवढी जागा डोळ्यात आहे, मोजून पाहिली. बुबुळ घासावं लागत नाही. पुढे गरज पडली तर काढताही येते. ऑपरेशन म्हटलं की थोडा धोका असतोच. दरवर्षी तपासायला यावं लागेल, पडदासुद्धा, कारण चष्मा गेला तरी डोळा मोठ्या नंबरचाच राहतो. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील, बहुतेकांना सवय होते. आणि चाळिशी आली, की जवळचं वाचायला चष्मा लागेलच.

"काही विचारायचंय, ताई?"

चंद्रकलाने विचार केला. "थो लेन्स खाली पडन काय?"

"नाही."

"कोणाच्या पायाखाली येईन काय?"

"नाही येणार."

"मंग टाका." मग तिला आठवलं. "पण मॅडम, तुम्ही काहून चष्मा लावता?"

"मला आवडतो," डॉक्टर म्हणाल्या.

त्या वर्षी घराचा भिशीतही नंबर लागला, ऑपरेशनच्या पैशांची सोय झाली, तेव्हा इंदुताईंना सगळेच नंबर आपल्या बाजूचे वाटू लागले. पावसाळ्यात मशीन बंद असतं म्हणून ऑगस्टमध्ये एक डोळा आणि आठवड्याने दुसरा, असं ठरलं. मधल्या आठवड्यात एका डोळ्याला जग स्वच्छ दिसायचं आणि दुसऱ्याला चार बोटांपलीकडे नुसता रंग. चंद्रकला एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो, आणि हसायची. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही, धूर नको, फोडणी नको. इंदुताई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या. सावजी रस्सा खाणाऱ्या त्या घरात कित्येक दिवस साधं वरण शिजलं. जागेश्वर दुकानातून येताना वैभवकडे जेवून यायचा आणि घरी येऊन पुन्हा वरण खायचा, संशय नको म्हणून.

दुसरा डोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जागेश्वरकडे बराच वेळ पाहत राहिली.

"तुम्ही केवढे मोठे झाले जी?"

"मी तेवढाच हाय."

"नाही. पोट बी मोठं झालं."

"आई, तुझ्या चष्म्यातून सगळं लहान दिसायचं," नूपुर म्हणाली. "बाबा असेच आहेत."

चंद्रकलाला हे पटायला वेळ लागला. एवढी वर्षं तिने जरा लहान आकाराचा नवरा, जरा लहान घर आणि जरा लहान सासू यांच्यात संसार केला होता. इंदुताईंना उलटाच धक्का बसला होता. काचांमागे सुनेचे डोळे दोन वाटाण्यांएवढे दिसायचे. आता ते पूर्ण आकाराचे समोर आले, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी पदर सावरून घेतला. नंतर मात्र त्यांनी गल्लीत सांगायला सुरुवात केली, "आमच्या सुनेच्या डोळ्याचं पोत लय बारीक. डॉक्टरीण म्हणाली, घासाची आपली हिंमत नाही."

सगळं साधलं असं नाही. चंद्रकला चाळिशीला टेकली होतीच. पिशवीवरची चिठ्ठी आता हात लांब करून वाचावी लागायची, आणि मग हात पुरेना म्हणून नूपुर चिठ्ठ्यांवर नावं दुकानाच्या पाटीएवढी लिहू लागली. मशीनवर बसताना डोळ्यांना बंद गॉगल हवाच, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तो पट्ट्याचा, कानापर्यंत येणारा, पारदर्शक गॉगल घालून ती पहिल्या दिवशी बसली तेव्हा रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "ऑपरेशन करून चष्मा वाढला की वं हिचा."

रांग होती, पण लहान होती. भजनी मंडळ अजून पंकजकडेच जायचं, आणि तेही पूर्वीसारखंच, सरळ फाटकासमोरून.

मार्चमधली दुपार होती. चंद्रकलाने मशीन बंद केलं, गॉगल कपाळावर सरकवला आणि वारा घ्यायला दारात उभी राहिली. रस्ता रिकामा होता. त्या रिकाम्या रस्त्यावरून शोभाताई येत होत्या, काखेत मिरचीची पिशवी, डोक्यावर छत्री, चाल निवांत. पंकजच्या मशीनकडे वळताना त्यांनी सवयीने इकडे नजर टाकली. दारातली बाई त्यांच्याकडे पाहत होती. नुसती त्यांच्या दिशेने नाही, त्यांच्याकडे.

शोभाताई थबकल्या. छत्री चेहऱ्यासमोर खाली आली, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका ऑटोमागे त्या छत्रीसकट लपल्या. ऑटो लहान होता. अलीकडून छत्री दिसत होती, पलीकडून पिशवी.

निंबाखालच्या बायांनी माना वळवल्या. इंदुताईंनी चंचीचं तोंड आवळलं. व्याही, खानावळ, भजनी मंडळ, वर्षभराचं बरंच काही त्या दारात बोलण्यासारखं होतं, आणि रांगेतल्या प्रत्येकीला ते ऐकायचं होतं. ऑटोमागची छत्री जराशी हलली.

चंद्रकलाने माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला, आणि आवाज न चढवता, रोजच्यासारखं म्हणाली, "शोभाताई, उन्हात काहून उभ्या राहिल्या जी? या, पहिले पाणी प्या."